पाच एकर द्राक्षबागेत अचूक शेतीचे तंत्रज्ञान परवडेल का? हिशेब कसा मांडावा

दिंडोरी तालुक्यातील एका तरुण बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरची पाच एकर थॉमसन द्राक्षबाग आहे, त्यापैकी तीन एकर मांडवावर (डोक्यावर आडव्या पसरलेल्या छतासारख्या) आणि दोन एकर वाय पद्धतीवर (इंग्रजी Y आकाराच्या आधारावर). शिवाय दोन एकर उन्हाळ कांदा असतो. खालची जमीन भारी काळी, वरचा पट्टा मुरमाड. एका कंपनीच्या प्रतिनिधीने चार गोष्टींचा प्रस्ताव दिला आहे: जमिनीतील ओलाव्याच्या सेन्सरसह हवामान केंद्र ६० हजार रुपये आणि वार्षिक वर्गणी ९ हजार, ठिबक व खतासाठी संपूर्ण ऑटोमेशन २ लाख ४० हजार, ड्रोन फवारणी एकरी ६०० रुपये, उपग्रह नकाशे वर्षाला एकरी दीड हजार. पाणी ३० टक्के वाचेल, औषधे २५ टक्के वाचतील आणि दोन वर्षांत पैसे वसूल होतील, असे प्रतिनिधीचे म्हणणे. वडिलांचे म्हणणे असे की, रोज बागेत फेरी मारणाऱ्याला यंत्राची गरज नाही. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असा तुमचा प्रश्न आहे.

माझे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात येणार नाही, कारण हे चार वेगवेगळे सौदे आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा निघतो. प्रतिनिधीने ते एकत्र बांधून दिले आहेत, ते आधी सुटे करा.

हिशेबाला बसण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. ठिबकची नळी पाणी देते आणि ब्लोअर औषध मारतो; ही साधने स्वतः काम करतात. सेन्सर, नकाशा किंवा मोबाइलवरचा इशारा स्वतः काहीच करत नाही. त्याने दिलेल्या माहितीमुळे तुम्ही एखादी फवारणी टाळली, एखादी एक दिवस आधी घेतली, पाणी दोन तास कमी दिले किंवा खताचा डोस बदलला, तरच त्याची किंमत वसूल व्हायला सुरुवात होते. माहिती आली आणि तुम्ही तेच केले जे एरवीही केले असते, तर त्या दिवशी त्या माहितीची किंमत शून्य आहे, मग ती कितीही बिनचूक असो. म्हणून कोणत्याही यंत्राच्या बाबतीत पहिला प्रश्न ते किती अचूक आहे हा नसून, त्यामुळे वर्षभरात आपले किती निर्णय बदलतील आणि बदललेल्या प्रत्येक निर्णयाची किंमत किती, हा आहे.

याची परीक्षा एक रुपयाही न गुंतवता घेता येते आणि त्यात तुमच्या वडिलांचीच मदत लागेल. कंपनीकडे एका हंगामासाठी प्रात्यक्षिक म्हणून केंद्र मागा. तेवढ्यापुरते ठेवायला अनेक कंपन्या तयार होतात. ते मिळाले नाही तर तुमच्या महसूल मंडळातील महावेधच्या स्वयंचलित हवामान केंद्राची आकडेवारी आणि हवामान खात्याचा अंदाज वापरा. गोडी छाटणीपासून (ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी केलेली छाटणी) मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागेपर्यंत, रोज सकाळी फेरी झाल्यावर, मोबाइल पाहण्याआधी, वडिलांनी आपला निर्णय वहीत लिहावा: आज फवारणी घ्यायची का, कोणत्या रोगासाठी, पाणी किती तास. त्यानंतर तुम्ही मोबाइलवरचा सल्ला शेजारच्या रकान्यात लिहा. हंगामाच्या शेवटी दोन्ही रकाने जुळले नाहीत असे दिवस मोजा आणि त्यातले कोणते दिवस पैशाचे होते ते दोघांनी बसून ठरवा. वडिलांची नजर ही अडचण नाही, ती मोजपट्टी आहे. यंत्राला जे सिद्ध करायचे ते याच नजरेच्या पुढे जाऊन. माझा अनुभव असा की पाण्याच्या बाबतीत अनुभवी बागायतदाराचा अंदाज भारी जमिनीत वारंवार चुकतो आणि बहुधा जास्तीच्याच बाजूला चुकतो, तर रोगाच्या बाबतीत तो सहसा बरोबर असतो, फक्त रात्री पान किती तास ओले राहिले हे त्याला सकाळी दहा वाजता दिसू शकत नाही. यंत्राला वाव आहे तो नेमका या दोन ठिकाणी.

आता हवामान केंद्राचा हिशेब मांडू. ६० हजार भागिले पाच वर्षे म्हणजे वर्षाला १२ हजार, असा हिशेब बहुतेक जण करतात. तो अपुरा आहे, कारण गुंतलेल्या पैशाला व्याज असते, मग ते सोसायटीच्या कर्जाचे असो की बँकेतल्या ठेवीचे बुडालेले. १० टक्के व्याज आणि ५ वर्षे आयुष्य धरल्यास ६० हजारांचा वार्षिक भार सुमारे १५ हजार ८०० रुपये येतो. त्यात वर्गणी ९ हजार आणि दुरुस्ती, सेन्सर बदल, सिमकार्ड यांसाठी ४ हजार धरा. एकूण २८ हजार ८०० रुपये, म्हणजे पाच एकरांत एकरी ५ हजार ७६०. पाच वर्षांपेक्षा जास्त आयुष्य धरू नका. उघड्यावर राहणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूला ऊन, पाऊस, औषधांचा तुषार आणि वायर कुरतडणारे उंदीर या सगळ्यांना तोंड द्यावे लागते.

फायद्याच्या बाजूला, एका फवारणीचा औषध, डिझेल आणि मजुरी मिळून खर्च एकरी १५०० रुपये धरू. तुमचा आकडा वेगळा असेल तर तो घाला. रोगाच्या अंदाजामुळे एका हंगामात चार फवारण्या टळल्या तर एकरी ६ हजार वाचतात आणि केंद्र जेमतेम परवडते. परंतु हा आकडा दरवर्षी मिळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर कोरडा गेला तर चार काय, त्याहून जास्त फवारण्या टाळता येतील. मात्र पोंगा (नवी फूट निघण्याची अवस्था) ते फुलोरा या काळात पाऊस लागून राहिला, तर यंत्रही रोज धोक्याचाच इशारा देईल आणि एकही फवारणी वाचणार नाही. पाचपैकी तीन वर्षे चार फवारण्या वाचल्या आणि दोन वर्षे काहीच नाही, असे धरल्यास सरासरी एकरी ३ हजार ६०० रुपये येते. म्हणजे केवळ फवारणीच्या बचतीवर पाच एकरांत केंद्र एकरी २ हजार १६० रुपयांनी तोट्यात आहे. आठ एकर क्षेत्र असते तर बरोबरीत आले असते. प्रतिनिधीचा दोन वर्षांचा दावा येथेच गळून पडतो.

पण गोष्ट येथे संपत नाही, कारण द्राक्षात खरा पैसा वाचलेल्या फवारणीत नसून हुकलेल्या फवारणीत जातो. डाऊनी हा बुरशीजन्य रोग घडावर आला आणि एकरी एक लाखाचे नुकसान झाले, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला नवीन नाही. उरलेले २ हजार १६० रुपये भरून निघायला अशा नुकसानीची शक्यता किती कमी व्हावी लागेल? एक लाखाला २ हजार १६०, म्हणजे सुमारे २ टक्के. साधारण ४५ हंगामांतून एकदा तरी केंद्राच्या इशाऱ्यामुळे बाग वाचली पाहिजे. ही अट कठीण नाही. म्हणून माझ्या मते द्राक्षबागेतील हवामान केंद्राकडे बचतीचे यंत्र म्हणून पाहण्यापेक्षा विम्यासारखे पाहावे आणि विम्याप्रमाणेच ते दरवर्षी पैसे परत देईल अशी अपेक्षा ठेवू नये. ज्याची बाग निर्यातीसाठी ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांची ऑनलाइन नोंदणी) नोंदलेली आहे त्याला आणखी एक लाभ असतो: रोगाच्या दबावाची तारीखवार नोंद असल्यामुळे शेवटच्या टप्प्यात घाबरून घेतलेली, काढणीपूर्व प्रतीक्षाकाळात बसणारी फवारणी टळते. २०१० साली सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे युरोपात माल अडकला, त्या वर्षाची झळ लागलेल्यांना एका फवारणीची किंमत काय होऊ शकते हे सांगावे लागत नाही.

यातच एक सोपी वाटही आहे. तापमान, आर्द्रता आणि पाऊस एका शिवारात फारसे बदलत नाहीत. शेजारच्या दोन बागायतदारांसह पंधरा एकरांवर एकच केंद्र ठेवले तर एकरी भार १ हजार ९२० रुपयांवर येतो आणि मग केवळ फवारणीच्या सरासरी बचतीतूनही ते परवडते. मात्र केंद्र कोणाच्या बांधावर उभे करायचे, यावर विचार करा. नदीकाठची बाग सकाळी उशिरापर्यंत ओली राहते, वरच्या मुरमाड पट्ट्यातली लवकर सुकते. मांडवाखालचा ओलावा वाय पद्धतीपेक्षा जास्त टिकतो. पानाच्या ओलेपणाचा सेन्सर तिघांच्या बागांपैकी जिथे रोग दरवर्षी आधी दिसतो तिथे, वेलीच्या छत्रीच्या उंचीला लावावा. आणि छाटणीच्या तारखा तिघांच्या वेगळ्या असतील तर रोगाचे मॉडेल प्रत्येकाच्या तारखेप्रमाणे वेगळे चालते का, हे कंपनीला आधी विचारा.

जमिनीतील ओलाव्याचा सेन्सर मात्र भागीदारीत घेता येत नाही, कारण तो फक्त आपल्या भोवतालच्या वीतभर मातीचे सांगतो. तुमच्याकडे दोन प्रकारच्या जमिनी आहेत, म्हणजे दोन जागा, आणि प्रत्येक जागी दोन वेगवेगळ्या खोलीवर सेन्सर लागतील: एक मुळांच्या मुख्य थरात, सुमारे १५ ते २० सेंटीमीटरवर, आणि दुसरा ४० ते ४५ सेंटीमीटरवर. वरचा सेन्सर पाणी केव्हा द्यायचे ते सांगतो आणि खालचा केव्हा थांबवायचे ते. पैसे वाचवतो तो खालचा, कारण पाणी त्याच्यापर्यंत वारंवार पोहोचत असेल तर त्याबरोबर विद्राव्य खतही मुळांच्या खाली निघून चालले आहे. भारी काळ्या जमिनीत याला एक मोठा अडथळा आहे. निफाडच्या एका बागेत सेन्सर सतत कोरडे दाखवत होता आणि बागायतदार त्याप्रमाणे रोज पाणी वाढवत होता. आम्ही शेजारी खड्डा घेतला तेव्हा सेन्सरच्या दांड्याला लागून बोट जाईल एवढी भेग पडलेली दिसली. दांडा मातीत नव्हता, हवेत उभा होता. त्याच्यापासून फूटभर अंतरावरची माती मुठीत दाबली तर तिचा घट्ट लाडू होत होता, म्हणजे वाफसा येणे दूरच, जमीन ओलीच होती. काळ्या जमिनीत सेन्सर बसवताना त्याच मातीचे पातळ कालवण भोकात ओतून दांडा घट्ट बसवावा लागतो, ड्रीपरच्या ओल्या घेरात तो ठेवावा लागतो आणि उन्हाळ्यात भेगा पडल्यावर पुन्हा बसवावा लागतो. विकणाऱ्याने हे सांगितले नाही, तर त्याने काळ्या जमिनीत काम केलेले नाही असे समजा.

पाण्याच्या बचतीचा भाव कसा लावावा, यात सर्वांत जास्त गल्लत होते. एक मिलिमीटर पाणी एका एकरावर म्हणजे सुमारे ४ हजार ४७ लिटर. हंगामात ५० मिलिमीटर पाणी वाचले तर एकरी दोन लाख लिटर, १० हजार लिटरचे वीस टँकर. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्याची किंमत तुमच्या विहिरीवर अवलंबून आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज योजना लागू आहे. अशा पंपावर पाणी कमी उपसल्याने वीजबिलात एक रुपयाही वाचत नाही, म्हणून ती बचत तुमच्या घरच्या हिशेबात धरू नका. ज्याची विहीर मार्च-एप्रिलमध्ये, नेमक्या खरड छाटणीच्या (फळ काढल्यानंतर नव्या काड्यांसाठी केलेल्या छाटणीच्या) वेळी, तळ गाठते आणि जो चांदवड, येवला किंवा सिन्नरच्या पूर्व भागात टँकरने बाग जगवतो, त्याच्यासाठी तेच वीस टँकर रोख पैसे आहेत. आणि वाघाड प्रकल्पावर जसे पाणीवापर संस्थांमार्फत पाणी मोजून मिळते, तसे तुमच्या गटालाही घनमापाने मिळत असेल, तर वाचलेले पाणी कांद्याच्या जादा अर्ध्या एकरात बदलता येते का, हे पाहा. येत असेल तर त्या कांद्याचे निव्वळ उत्पन्न ही त्या पाण्याची किंमत. तिन्हींपैकी तुम्ही कोठे बसता हे ठरवल्याशिवाय ३० टक्के बचतीच्या वाक्याला अर्थ नाही. शिवाय सेन्सर मंगळवारी दुपारी पाणी मागेल आणि तुमच्या फिडरला (वीजवाहिनीला) त्या आठवड्यात रात्रीची पाळी असेल, तर निर्णय सेन्सरच्या नव्हे, विजेच्या वेळापत्रकानेच होणार आहे.

येथे ऑटोमेशनचा प्रश्न येतो. २ लाख ४० हजारांना ७ वर्षे आयुष्य आणि १० टक्के व्याज धरल्यास वार्षिक भार सुमारे ४९ हजार ३०० रुपये, देखभाल १२ हजार, एकूण ६१ हजार ३००. एकरी १२ हजार २६०. फायदा मोजू: एकरी ४० हजारांच्या विद्राव्य खतात १० टक्के बचत म्हणजे ४ हजार. व्हॉल्व्ह फिरवणे आणि खत सोडणे यात रोजचे दोन तास, वर्षातले २४० दिवस, तासाला ६० रुपये धरल्यास २८ हजार ८००, म्हणजे एकरी ५ हजार ७६०. दोन्ही मिळून ९ हजार ७६०. एकरी अडीच हजारांची तूट राहते, आणि हे मजुरीचे पैसे तुम्ही खरोखर कोणाला देत असाल आणि ते देणे थांबणार असेल तरच. घरचाच माणूस व्हॉल्व्ह फिरवत असेल, तर मोकळ्या झालेल्या दोन तासांत तो दुसरे कोणते उत्पन्नाचे काम करणार आहे, हे विचारल्याशिवाय ते पैसे जमेला लावू नयेत.

रुपयांत न बसणारी एक बाजू मात्र मी गंभीरपणे घेतो. रात्रीच्या विजेला बागेत जावे लागते आणि दिंडोरी-निफाड पट्ट्यात उसाच्या कडेने बिबट्याचा वावर आहे. घरातल्या माणसाने अंधारात बांधावर जाऊ नये, याची किंमत कोणत्याही कोष्टकात घालता येत नाही आणि घालूही नये. परंतु त्यासाठी पूर्ण ऑटोमेशनच हवे असे नाही. मोबाइलवर चालणारा स्टार्टर आणि दोन-तीन टायमर व्हॉल्व्ह यांनी रात्रीची फेरी टळते आणि खर्च २ लाख ४० हजारांच्या पासंगालाही लागत नाही. तुम्हाला माझा सल्ला: हे आधी करा, पूर्ण ऑटोमेशन आता नको.

ड्रोनबद्दल थोडक्यात. ड्रोन एकरी साधारण दहा लिटर पाण्यात फवारतो. ब्लोअरने पूर्ण छत्रीच्या बागेत आपण दोनशे ते चारशे लिटर वापरतो. डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून आत शिरते, म्हणजे औषध खालून लागले पाहिजे, आणि मांडवावर ड्रोन तर वरूनच जातो. खात्री करायची असेल तर पाणी लागताच निळे होणारे पिवळे कागद मिळतात. पानांच्या वर आणि खाली, घडाच्या आतल्या बाजूला ते टाचण्यांनी लावा आणि फवारणीनंतर पाहा. दाट मांडवाखाली वरचा कागद ठिपक्यांनी निळा आणि खालचा जवळजवळ जसाच्या तसा पिवळा, हे चित्र एकदा पाहिले की चर्चा संपते. तेच कागद तुमच्या ब्लोअरखाली आणि गटात भाड्याने येणाऱ्या ईएसएस (विद्युतभारित थेंब फवारणाऱ्या) यंत्राखालीही लावून पाहा, म्हणजे पैसे कोठे घालायचे ते कळेल. कांद्यात, पाऊस पडून वाफे ओले असताना पंप घेऊन आत जाता येत नाही त्या दिवसांत, चांगले स्टिकर (औषध पानाला चिकटवणारे द्रव्य) घालून ड्रोनची फवारणी एकरी ६०० रुपयांत घेणे वाजवी आहे. विकत घेण्याचा विचार पाच एकरांसाठी करू नका. अनुदान मिळत असले तरी वैमानिकाचा परवाना, बॅटऱ्या आणि दुरुस्ती यांचा भार शेतकरी कंपनी, महिला बचत गट किंवा अवजार बँक यांनाच पेलतो.

उपग्रह नकाशांसाठी एकरी दीड हजार देऊ नका. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची छायाचित्रे साधारण दर पाच दिवसांनी विनामूल्य मिळतात आणि बहुतेक सशुल्क नकाशे त्यांवरच आधारलेले असतात. त्यांचा एक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे एका एकरात सुमारे चाळीस. पावसाळ्यात ढग आड येतात. गोडी छाटणीनंतर वेलीला पान नसते तेव्हा उपग्रहाला दिसते ते ओळींमधले गवत. आणि मांडव भरल्यावर सगळी बाग सारखीच हिरवी दिसते. डिसेंबर ते मार्चमध्ये उघड्या आभाळाखालच्या कांद्यात मात्र कमजोर पट्टे शोधायला या चित्रांचा खरा उपयोग आहे, आणि तो फुकट होतो.

परदेशातील दाखले या चर्चेत हमखास येतात, म्हणून त्यांचे प्रमाण सांगतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१६ मध्ये मक्याच्या शेतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जीपीएस नकाशे, स्वयंचलित दिशादर्शन आणि जागेनुसार कमी-जास्त मात्रा या तंत्रांमुळे नफ्यात झालेली वाढ सुमारे १ ते ३ टक्के होती. तिथली शेते शेकडो एकरांची, त्यामुळे एवढी वाढही यंत्राचा खर्च भागवते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. आपल्याकडे खर्च मोठ्या क्षेत्रावर वाटून टाकण्याची ताकद नाही, पण द्राक्षाचे एकरी मोल मक्याच्या कितीतरी पट आहे. म्हणून आपल्याला तंत्रज्ञान परवडते ते क्षेत्रावर नव्हे, एकरी जोखमीच्या मोलावर. हेच कारण आहे की तीच वस्तू द्राक्षात परवडते आणि कांद्यात परवडत नाही. कांद्यात उत्पादन १० टक्क्यांनी वाढवले आणि ८ डिसेंबर २०२३ सारखी निर्यातबंदी आली, तर लासलगावच्या एका लिलावात ती वाढ पुसली जाते. कांद्याच्या तंत्रज्ञानाचा हिशेब नेहमी पडलेल्या भावाने करावा. त्या भावातही टिकला तरच पैसे घालावेत.

अनुदानाविषयी: सूक्ष्म सिंचनाला केंद्र व राज्य मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत साहाय्य महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून मिळते, पण ते ठरलेल्या मापदंडाच्या रकमेवर, तुमच्या बिलावर नाही. कोणत्याही अनुदानित वस्तूचा हिशेब अनुदान धरून आणि न धरता असा दोनदा करा, रोखीचा बाजारभाव वेगळा विचारा, आणि अनुदान खात्यात येईपर्यंत अडकलेल्या पैशाचे व्याज खर्चात लावा.

या सर्वांआधी जे करायला हवे ते कोणी विकायला येत नाही, म्हणून ते राहून जाते. एका गटातील सोळा ड्रीपरखाली भांडी ठेवून ठरावीक वेळाचे पाणी मोजा. सर्वांत कमी पाणी देणाऱ्या चार ड्रीपरची सरासरी एकूण सरासरीच्या ८५ टक्क्यांखाली असेल, तर तुमच्याकडे आधीच असमान शेती चालू आहे आणि त्यावर लावलेला कोणताही सेन्सर योगायोगाने चांगल्या किंवा वाईट ड्रीपरजवळ बसेल. आपल्या चुनखडीयुक्त पाण्यात हे वारंवार होते. ॲसिड प्रक्रिया आणि फिल्टरवरचे चालू दाबमापक यांचा खर्च अगदी थोडा आहे. त्यानंतर माती, पाणी आणि देठ (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांचे) परीक्षण. पालाश पुरेसा असूनही सवयीने सोडले जाणारे खत एका देठ परीक्षणाने थांबले, तर त्या एका निर्णयात परीक्षणाचे पैसे अनेक पटींनी सुटतात. ब्लोअरचे नोझल झिजले आहेत का, तेही बादली आणि घड्याळ घेऊन पाहा. ही सगळी अचूक शेतीच आहे, आणि गुंतवलेल्या रुपयामागे परतावा यातच सर्वाधिक आहे.

एक मर्यादाही मान्य करावी लागते. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि खरड छाटणीनंतर काडीत घडनिर्मिती व्हायच्या काळात उन्हाची कमतरता राहिली. अनेक बागांत पुढच्या छाटणीला घडच निघाले नाहीत. त्या नुकसानीचा अंदाज सेन्सरने दिला असता तरी ऊन दिले नसते. म्हणून जो पैसा तुम्ही यंत्रात घालणार आहात तोच शेततळ्याच्या अस्तरात, प्लॅस्टिक आच्छादनात किंवा कर्जफेडीत घातला तर काय मिळेल, हा रकाना हिशेबात असलाच पाहिजे.

घेतल्यानंतर फायदा झाला की नाही, हे गेल्या वर्षाशी किंवा शेजाऱ्याशी तुलना करून कळत नाही. हवामान वेगळे, छाटणीची तारीख वेगळी. पाणी आणि खताच्या बाबतीत एकाच गटात, दोन्ही प्रकारच्या जमिनीत, दोन-दोन ओळी जुन्या पद्धतीने चालू ठेवा, त्यांना स्वतंत्र व्हॉल्व्ह द्या, आणि काढणीला त्या ओळींचे क्रेट वेगळे मोजा, मण्याची फुगवण आणि साखर वेगळी पाहा. निदान दोन हंगाम हे केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. रोगाच्या बाबतीत ओळी फवारणीविना सोडण्याचा धोका पत्करू नका, तिथे वहीतले दोन रकानेच पुरेसे आहेत.

तेव्हा तुमच्या प्रस्तावावर माझे मत असे: दोन शेजाऱ्यांसह एक हवामान केंद्र घ्या, ओलाव्याचे सेन्सर तुमच्या दोन्ही जमिनींत स्वतंत्र लावा, मोबाइल स्टार्टर बसवा, ऑटोमेशन आणि सशुल्क नकाशे नाकारा, ड्रोन फक्त कांद्यापुरता, भाड्याने. वर्गणीच्या करारात तीन गोष्टी लेखी घ्या: ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात बिघाड झाल्यास ४८ तासांत दुरुस्ती, तुमच्या बागेची सगळी आकडेवारी तुम्हाला कधीही उतरवून घेता येईल याची हमी, आणि वर्गणी थांबवली किंवा कंपनीने सेवा बंद केली तरी केंद्रावरचे पाऊस, तापमान आणि ओलाव्याचे आकडे जागेवर वाचता येतील अशी सोय. शेवटची गोष्ट द्यायला प्रतिनिधी तयार नसेल, तर केंद्राचे आयुष्य पाच नव्हे, तीन वर्षे धरून वरचा हिशेब पुन्हा करा. आणि तिघे भागीदार असाल तर सिमचे रिचार्ज कोण भरणार, छाटणीआधी सेन्सर कोण तपासणार आणि एखाद्याने बाग काढली तर त्याचा वाटा किती रुपयांना सोडवायचा, हे आताच एका कागदावर लिहून तिघांनी सह्या करा.